म्हातारा इतकं बोलत नाही

वेंडेल ग्राबोनं तेविसाव्या वर्षी डोक्याला मैदा फासून म्हाताऱ्याचं काम केलं होतं. आता त्र्याहत्तरी आली, मैद्याची गरज उरली नाही, तर त्याला तेच काम पुन्हा हवं होतं. आणि ते द्यायचं की नाही, हे नॉर्थ हॉलिवूडमधल्या एका जुन्या टायरच्या दुकानात मंडळी गोल बसून ठरवणार होती. दुकानात टायर राहिले नव्हते, रबराचा वास मात्र अजून होता. तिथंच त्यांचं नाटकघर होतं. मंडळीचं नाव आपल्या भाषेत सांगायचं तर 'सामाईक हंडा'.

नाव पडलं ते बहात्तर सालात. अमेरिकेचं दूरदेशी युद्ध चालू होतं आणि वेंडेल कमरेपर्यंत केस सोडून डोंगरातल्या एका पडक्या घरात डझनभर पोरापोरींबरोबर राहत होता. एका हंड्यात मसुरीचं पिठलंवजा काहीतरी शिजायचं, तेच सकाळी, तेच संध्याकाळी. लष्करभरतीचं कार्ड त्यानं निषेध म्हणून चारचौघांत जाळलं, त्यात अंगठाही भाजून घेतला, आणि त्या अंगठ्याचं कौतुक पुढं कित्येक महिने करून घेतलं. याच टोळीनं 'रिकामे बूट' नावाचं नाटक उभं केलं. ओसरीवर झेंडा लावणारा, युद्धाचे गोडवे गाणारा एक बाप. तो पोराला लढाईवर धाडतो आणि परत येतात ते नुसते बूट. मालट्रकच्या पाठीवर, बागेबागेतून त्यांनी ते केलं. बापाचं काम करणारा वेंडेल असा काही बरळायचा, छाती पिटायचा, की गवतावर बसलेले लोक हसून हसून आडवे व्हायचे.

एका प्रयोगाला त्याचा खरा बाप आला. ओहायोतल्या टोलेडो गावचा, काचेच्या कारखान्यात भट्टीपुढं जन्म घालवलेला माणूस. बसनं आला, टाय लावून गवतावर बसला, शेवटपर्यंत बसला. प्रयोग संपल्यावर म्हणाला, "चांगलं केलंस. पण म्हातारा इतकं बोलत नाही." एवढं बोलून दुसऱ्या दिवशी परत गेला. वेंडेल हा किस्सा वर्षानुवर्षं पार्ट्यांमध्ये सांगत असे, बापाचा आवाज काढून. लोक हसायचे.

पुढं हॉलिवूडनं त्याला पोटापुरतं दिलं, त्याहून जास्त नाही. तीन ओळींचा न्यायाधीश, एका ओळीचा शेरीफ, कॉफीच्या जाहिरातीतला आजोबा. बाजारात लोक थबकून म्हणत, "तुम्हाला कुठंतरी पाहिलंय." नाव कुणालाच आठवायचं नाही. माणसाचे आधी केस जातात, मग मतं. वेंडेलचंही तसंच झालं, आणि कधी झालं हे विचाराल तर त्यालाही सांगता यायचं नाही.

त्यानं लिगायाशी लग्न केलं. ती फिलिपिन्सची, रिसीडा भागात तिचं फुलांचं दुकान. दुकानाची काच फुटली, गल्ला गेला. मग परत फुटली, आणि मग परत. जेवायला आलेले वेंडेलचे मित्र म्हणायचे, बिचारी गरीब पोरं, त्यांचा काय दोष, समाजच असा आहे. आत लिगाया दुकानातून आणलेल्या ग्लॅडिओला फुलांच्या बादलीतून काचा वेचत होती. ती एवढंच म्हणाली, "तुझ्या मित्रांना अख्ख्या जगाची दया येते. मी तेवढी राहून गेले." हे वाक्य वेंडेलच्या मनात रुतलं ते रुतलंच. मग एकदा शूटिंगच्या जेवणात कुणीतरी ओहायोच्या अडाणी माणसांची नक्कल केली. सगळे खिदळले, तोही हसला, आणि मग त्यानं ताट तसंच बाजूला सारलं.

रविवारी तो लिगायाबरोबर चर्चला जायला लागला. आधी म्हणे तिला गाडी लावायला जागा सापडत नाही म्हणून, मग आपसूकच. मतपेटीत त्यानं बाजू बदलली आणि बरीच वर्षं गप्प राहिला. हॉलिवूडची तऱ्हाच न्यारी. दारू सोडवायला दवाखान्यात गेलो होतो म्हणा, चौथा घटस्फोट घेतोय म्हणा, लोक गळ्यात पडतील. रिपब्लिकनांना मत दिलं म्हणा, प्रत्येकाला अचानक फोन बघायचा असतो. शेवटी एका निवडणुकीत त्याचं डोकं सटकलं आणि त्यानं अंगणात पक्षाची पाटीच रोवली. कामं आटली. खरं सांगायचं तर म्हाताऱ्या नटाची कामं पाटीवाचूनही आटतात, पण पाटीला बोल लावणं सोपं, आणि वेंडेलनं तो लावला.

अशात थिओचा फोन आला. थिओ ही मंडळीची मूळ चालक, वेंडेलपेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेली आणि अजून कट्टर डावी.

"अरे गाढवा," ती म्हणाली, "पन्नास वर्षं झाली. 'रिकामे बूट' परत करतोय. म्हातारा करशील?"

वेंडेल फोन घेऊन खिडकीशी गेला. "माझ्या अंगणात काय उभं आहे ते ठाऊक आहे ना तुला?"

"पाहिलंय. मूर्च्छा नाही आली, नुसती गाडी जोरात नेली. पण मी एकटी ठरवत नाही. पळी फिरणार."

पळी म्हणजे त्या जुन्या हंड्यातली लाकडी पळी. मंडळीचा कुठलाही निर्णय असो, सगळे गोल बसतात, पळी हातोहात फिरते, ज्याच्या हातात ती असेल त्यानंच बोलायचं. आणि एकाचा जरी नकार आला तरी गोष्ट बारगळली.

वेंडेल सदरा इस्त्री करून गेला. त्याला हे काम का हवं होतं, हे त्यानं लिगायालाही सांगितलं नव्हतं. त्यानं तो म्हातारा चुकीचा केला होता. पन्नास वर्षं उलटली, बाप जाऊनही पंचवीस झाली, आणि आता कुठं त्याला तो कसा करायचा ते उमगलं होतं. आत्ता नाही तर पुढं कधी?

पळी फिरली. हो, हो, नाइलाजानं हो. मग ती यारित्सा ओल्वेराच्या हातात आली. तिशीतली पोरगी, नाटकात म्हाताऱ्याची मुलगी करणारी. तिनं पळी घट्ट धरली.

"माझी ना आहे," ती म्हणाली. "मला चुय मामानं वाढवलं. गाड्या धुण्याच्या ठिकाणी कामाला होता. कागदपत्रं नाहीत म्हणून तिथून त्याला उचललं आणि सरहद्दीपार सोडलं. चार वर्षं झाली, मी त्याला भेटलेली नाही. या गृहस्थांच्या अंगणात त्याला हाकलणाऱ्यांचीच पाटी आहे. मी यांना रोज रंगमंचावर 'बाबा' म्हणू? माझी जीभ वळायची नाही."

मग थिओनं घसा खाकरला. "नकार मान्य. पण नियम माहीत आहे ना?"

नियम असा, की ज्याला नकार द्यायचा त्याची भूमिका आधी करून दाखवायची. तो स्वतः "हा मीच" म्हणेपर्यंत करायची. मग खुशाल नाही म्हणा.

"हा असला नियम केला कुणी?" यारित्सानं विचारलं.

थिओनं वेंडेलकडं बोट केलं. बहात्तर साली ढोल वाजवणारा एकजण चोरून मांस खातो म्हणून त्याला हाकलायला निघाले होते, तेव्हा वेंडेलनंच हंड्यापाशी उभं राहून हा नियम सगळ्यांच्या गळी उतरवला होता. आज तो स्वतःच त्यात सापडला होता.

यारित्सा तरातरा मधे आली. छाती फुगवली, कमरेत वाकली, हवेत झेंडा फडकावला. "माझा देश! माझी बंदूक! माझं अंगण!" नाकातून ओहायोचा हेल काढत ती अशी काही बरळली, की मंडळी पोट धरून हसली. थिओसुद्धा हसली.

वेंडेलला हसू येईना, रागही येईना. हे त्यानं कुठंतरी पाहिलं होतं. हात असाच वर जायचा, हशा इथंच पडायचा.

"हे तुम्हीच ना?" तिनं धापा टाकत विचारलं.

"नाही," तो हळूच म्हणाला. "हा मी बहात्तर साली केलेला म्हातारा आहे. माझ्या बापाची नक्कल. तीही चुकलेली."

"मग मला कसं कळणार तुम्ही कसे आहात ते?"

"रविवारी जेवायला ये."

ती आली. पोरगी नटी होती, नियम म्हणजे नियम. लिगायानं शेवयांचं पानसित केलं होतं, वर लिंबू. यारित्सानं पहिल्याच घासाला विषय काढला, "पाटी का लावलीत?" झालं. वेंडेल सुटला. कर, कायदा, शाळा, देश, काही म्हणून सोडलं नाही. समोरची पोरगी शेवया गुंडाळत ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "तुम्ही फार बोलता हो."

लिगाया फसकन हसली. "एरवी दिवसभरात दहा शब्द बोलत नाही हा. दुकानाची काच शेवटची फुटली तेव्हा नुसता माझ्या बादलीतून काचा वेचत बसला. पाहुणा दिसला की प्रयोग सुरू."

वेंडेल ओशाळला. पाणी प्यायला. मग त्यानं विचारलं, "तुझा मामा दिसतो कसा?"

यारित्साला हा प्रश्न अपेक्षित नव्हता. सांगू की नको, असं तिचं झालं. मग ती सांगत गेली. मामा बुटका आहे. घरी येताना गल्लीच्या तोंडाशी शिट्टी घालायचा, म्हणजे तिनं दार उघडून ठेवावं. अजूनही कुणी शिट्टी घातली की ती दाराकडं बघते. वेंडेलनं बाजू मांडली नाही, क्षमाही मागितली नाही. तो उठला, हात पँटला पुसले आणि भांडी घासायला लागला. ती निघाली तेव्हा फाटकाशी जाऊन उभा राहिला, तिची गाडी कोपऱ्यावर वळून दिसेनाशी होईपर्यंत. यारित्सानं आरशातून ते पाहिलं.

पुढच्या बैठकीला ती काही न बोलता मधे आली. खुर्ची सरळ केली. हात पँटला पुसले. वाकून, बादलीतून जपून काहीतरी वेचलं, बाजूला ठेवलं. थिओनं विचारलं, "पाटी का लावलीस, वेंडेल?"

यारित्सानं तोंड उघडलं. मिटलं. दाराकडं बघत उभी राहिली. कितीतरी वेळ.

मंडळीतल्या एका नटाला वाटलं, बया वाक्य विसरली. नाटकवाल्यांना गप्प उभा माणूस बघवतच नाही. त्यानं दबक्या आवाजात सुचवलं, "माझा देश... माझा देश..."

वेंडेलनं हात वर करून त्याला थांबवलं. समोर त्याला तो स्वतः दिसत होता, आणि स्वतःच्या मागं टाय लावून गवतावर बसलेला एक माणूस. त्या माणसालाही त्या दिवशी खूप काही म्हणायचं असणार. पोरगं मालट्रकवरून आपलीच टर उडवतंय आणि लोक हसताहेत, तरी तो उठून गेला नव्हता. वेंडेलचे डोळे भरून आले, आणि त्यानं ते पुसले नाहीत.

"हा मीच," तो म्हणाला. "आणि माझा बापसुद्धा."

थिओनं पळी यारित्साच्या हातात दिली. आता ती खुशाल नाही म्हणू शकत होती.

"माझं मत बदललेलं नाही," ती वेंडेलला म्हणाली.

"माझंही नाही."

"पाटी?"

"ती तिथंच आहे."

तिनं पळी उलटसुलट करून पाहिली. "मग करा काम," ती म्हणाली. "पण पहिल्या अंकातलं ते भाषण काढून टाका. म्हातारा इतकं बोलत नाही."

वेंडेल दचकला. टोलेडोहून आलेल्या माणसाचं वाक्य त्यानं तिला कधी सांगितलं नव्हतं.

थिओ कुरकुरली, कारण ते भाषण म्हणजे नाटकाचा सगळा हशा. ती म्हणाली, "तूच लिहिलं होतंस ना ते?" "मीच खोडतो," वेंडेल म्हणाला, आणि खोडलं.

तालमी महिनाभर चालल्या. दर रविवारी यारित्सा पानसित खायला यायची आणि गाडी मुद्दाम पाटीच्या पुढ्यात लावायची, म्हणजे रस्त्यावरून ती कुणाला दिसू नये. दोघं भांडायचे, लिगाया वाढायची. एकदा तर शेवया तशाच टाकून यारित्सा उठून गेली, आणि पुढच्या रविवारी फुगलेल्या तोंडानं परत आली.

पहिला प्रयोग दुपारचा होता. वेंडेलनं पुढच्या रांगेतली एक खुर्ची राखून ठेवायला लावली आणि तिच्यावर यारित्साचा फोन पुस्तकांना टेकवून उभा केला. फोनच्या पडद्यावर, सरहद्दीच्या त्या बाजूला, स्वच्छ सदरा घालून चुय मामा बसला होता.

पहिल्या अंकात कुणी हसलं नाही. म्हाताऱ्यानं ओसरीवर झेंडा लावला, पोराच्या खांद्यावरची धूळ झटकली आणि तो वाटेच्या वळणाकडं बघत उभा राहिला. शेवटी बूट आले. त्यानं ते मांडीवर घेतले आणि नाड्या बांधल्या. यारित्सानं जवळ जाऊन "बाबा" म्हटलं. तिची जीभ वळली.

टाळ्या थांबल्यावर तिनं फोन उचलला आणि मामाशी भराभर बोलली. वेंडेल बाजूला उभा होता, बूट अजून हातातच होते.

"काय म्हणतात?" त्यानं विचारलं.

यारित्सानं फोन त्याच्याकडं वळवला. "म्हणतो, मला कुठं इंग्रजी कळतं धड. नाटकात कोण काय बोललं, काही कळलं नाही. एकट्या म्हाताऱ्याचं तेवढं सगळं कळलं."

वेंडेलनं बूट खाली ठेवले आणि हात पँटला पुसले. फोनमधल्या बुटक्या माणसाकडं पाहून त्यानं मान लववली. मामानं तिकडून शिट्टी घातली, लांबलचक, आणि यारित्साबरोबर वेंडेलनंही दाराकडं पाहिलं.