दादाच्या डबीतला खडा

दादा गेल्याचा फोन मिरजेच्या दवाखान्यातून आला, तेव्हा मी त्याच्यासाठी आणखी एक उशी शिवायला टाकून परतत होतो. आडवं झालं की त्याचा श्वास अडायचा, म्हणून चार महिने तो उशांना टेकून बसूनच झोपला... ती उशी मी आणायला गेलोच नाही.

माझा हा थोरला भाऊ तीस वर्षं इस्लामपूरजवळच्या एका गुऱ्हाळावर जाळ घालायचा. आयुष्यात त्यानं बिडी ओढली नाही. आधी भट्टीत उसाची चिपाडं जायची. मग मालकांना ती पुरेनात, आणि जुने टायर, चपलांचे तुकडे जाऊ लागले. दादा खोकला की मालक त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचे. गुळानं छाती साफ होते, असं सगळ्यांनाच वाटायचं. शाळामास्तर असून मीही त्याला तेच सांगत आलो. तो निम्मा खडा खायचा, उरलेला बंडीतल्या पितळी डबीत ठेवायचा.

मिरजेच्या डॉक्टरांनी समजावलं, फुप्फुसात हवेच्या बारीक पिशव्या असतात. वर्षानुवर्षांच्या धुरानं त्यांच्या भिंती झिजून फाटतात, चार-पाचांची मिळून एकच ढिली पिशवी होते. मग आत गेलेली हवा धड बाहेर पडत नाही. फाटलेलं पुन्हा सांधत नाही, आणि गूळ तर पोटात जातो, छातीत नव्हे. तेव्हापासून मालकांवरचा माझा राग उतरलेला नाही. दादा मात्र दम घेत म्हणाला, "मालकास्नी काय बोलू नगंस... रोज गूळ दिलाय त्येंनी." त्याच्या या कृतज्ञतेनं मी जास्तच पेटलो.

गेल्या आठवड्यात गुऱ्हाळ सुरू झालं. हंगामाचा पहिला जाळ दादा घालायचा, म्हणून यंदा मालकांनी मला बोलावलं. मी गेलो. जाळ घातला, शेजारी रचलेल्या टायरांतला एक आत ढकलला आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "मालक, ह्या कढईचा गूळ हुईपर्यंत हितं हुबं ऱ्हावा. दादा तीस वरसं हुता."

लोक बघत होते, त्यांना नाही म्हणता येईना. थोड्याच वेळात ते खोकून खोकून वाकले. मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू?

मी खिशातून दादाची डबी काढली. आत त्याचा शेवटचा निम्मा खडा होता.

"खावा, मालक," मी म्हणालो. "छाती साफ हुतीया."