गव्हावर दळलेली ज्वारी

देवावर मी रागावले होते आणि तो राग लपवायची मला गरज वाटत नव्हती. नव्वदचं दशक सरत आलं होतं. हुबळीत लॅमिंग्टन रोडवरच्या एका शाळेत मी गणित शिकवत होते. कित्येक वर्षं पोट बिघडायचं, वजन उतरायचं, अंगात रक्त राहायचं नाही, चक्कर यायची. शेवटी आतड्याची तपासणी झाली आणि डॉक्टर म्हणाले, सीलिॲक आहे. गव्हातलं ग्लूटेन तुम्हाला सोसत नाही. गहू, रवा, मैदा जन्मभर बंद. त्या दिवसापासून मी पोळीला हात लावला नाही. भात आणि ज्वारीची भाकरी यांवर राहिले. पोट पुष्कळ सुधारलं, पण चक्कर जाईना. फळ्यावर लिहिता लिहिता आकडे हलू लागायचे, मी टेबल धरून उभी राहायचे.

श्रावणात केशवापुरातल्या आमच्या घरी सत्यनारायण झाला. थोरल्या नणंदेनं, त्यांना आम्ही अक्का म्हणतो, माझ्या हातावर शिरा ठेवला. मी तो कपाळाला लावला आणि शेजारी बसलेल्या आमच्या यांच्या हातावर ठेवला.

“एवढ्याशा प्रसादानं काय होतंय?” अक्का सगळ्यांसमोर म्हणाल्या. “श्रद्धा नाही, म्हणून तुला चक्कर येते.”

“श्रद्धा आहे अक्का. आतडं नाही,” मी म्हणाले. मान खाली घातली नाही.

पण ते बोलणं आत रुतलं. पथ्यात मी कणभरही चुकले नव्हते, मग हे भोगणं कसलं? पुढच्या गुरुवारी रजा टाकून मी बसनं धारवाडला, केलगेरीच्या तळ्याजवळच्या एका लहानशा दत्ताच्या देवळात गेले. पाया पडायला नव्हे, भांडायला. हात न जोडताच मनात म्हटलं, माझ्याकडून होतं ते सगळं मी केलं. आता तू सांग. नाहीतर हे माझं शेवटचं येणं.

पायऱ्या उतरताना तळं, झाडं, आभाळ, सगळं गरगरलं. पडलेच असते. मागून कुणीतरी दंड घट्ट धरून मला खाली बसवलं.

“डोळे मिटू नका बाई, पायरीकडं बघा.”

ती शांतव्वा. अळणावरकडची, पन्नाशीची, शेजारच्या बांधकामावर मजुरी करणारी. दुपारचं खायला सावलीत आली होती. तिनं आपली अर्धी भाकरी पुढं केली. सवयीनं मी विचारलं, “कशाची, मावशी?” या प्रश्नानं लोक दुखावतात. ती दुखावली नाही.

“जोंधळ्याची की. का?”

मी सगळं सांगितलं. तिनं घास चावत ऐकून घेतलं आणि विचारलं, “तुमची ज्वारी ज्वारीवर दळतात, का गव्हावर?”

आमच्या गिरणीत दिवसभर गहूच दळला जायचा, आणि मधेच माझा डबा.

“गव्हावर दळलं तर पिठात गहू येणारच. मी चार वर्षं गिरणीत झाडलोट केलीय,” ती म्हणाली. मग हातातल्या भाकरीकडं बघून तिनं हात मागं घेतला. “थांबा, ही पण नको. ही पण तसलीच.”

डॉक्टरांनी ऐकलं आणि मान डोलावली. तेवढा गहूही त्रासाला पुरतो, म्हणाले. हिंगातही कणीक असते, हे त्यांच्याकडूनच कळलं. त्यांनी लोहाच्या गोळ्या चालू ठेवल्या. मी दगडी जातं आणलं. सुरुवातीला बसल्याजागी डोकं फिरायचं. मी थांबायचे आणि पुन्हा खुंटा धरायचे. कधी समोर हे बसायचे. पहिल्या पिठाच्या भाकऱ्या शांतव्वाला नेऊन दिल्या. दोन महिन्यांत चक्कर विरळ झाली. वर्ष सरता सरता थांबली.

हा चमत्कार होता का, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. गव्हाचा प्रसाद मी आजही घेत नाही, कुणाला काय वाटायचं ते वाटो. समोर येईल ते निमूट गिळणं म्हणजे शरण जाणं, असं मला लहानपणापासून सांगितलं गेलं होतं. तसं ते नाही. आपलं सगळं करून झाल्यावर, रागानं का होईना, देवाच्या दारात जायचं, मला पुढचं कळत नाही एवढं कबूल करायचं, आणि मग जो कुणी बोलेल त्याचं ऐकायचं. देवानं माझ्या रागाचा राग धरला नाही. त्याबद्दल मी रोज हात जोडते.