मंगलबाईंचा आवाज आणि निपाणीचा नकाशा

मंगलबाई धर्मोजी आणि मी, आम्ही दोघी बेळगावजवळच्या कंग्राळीच्या मराठी शाळेत अकरा वर्षं बरोबर होतो. आमच्या वर्गांच्या मध्ये पूर्ण भिंत नव्हती, लाकडी पार्टिशन होतं. पलीकडे बाई इतिहासाचा धडा वाचायला लागल्या की अलीकडची माझी पोरं पाढे सोडून तिकडे कान लावायची. मी पोरांना रागावायचे, पण खरं सांगायचं तर मीही ऐकत असायचे. स्वच्छ, भरलेला आवाज. घाई नाही, नाटक नाही. पंधरा ऑगस्टला माईक बंद पडला की हेडमास्तर त्यांनाच पुढे करायचे.

तीन वर्षांपूर्वी त्या निवृत्त झाल्या आणि सांबऱ्याच्या घरी बसल्या. घरात त्या आणि त्यांचे यजमान भरमूअण्णा. अण्णांची थोडी शेती आहे, ती ते स्वतः बघतात. मुलगी आरोही बेंगळूरला नोकरीला. बाईंना रिकामं बसायची सवय नव्हती. त्यातच त्यांच्या जुन्या ओळखीच्या एका शिक्षिकेने व्हॉट्सॲपवर विचारलं, की आपल्या भागातल्या अंध मुलांना मराठी माध्यमाची पुस्तकं वाचून रेकॉर्ड करून हवी आहेत, कुणी करेल का. बाईंनी त्याच दुपारी हो म्हटलं.

पहिले काही महिने त्या फोनवरच वाचून रेकॉर्ड करायच्या. फोन भरून जायचा. मग आरोहीने नवीन लॅपटॉप घेतला आणि जुना मॅकबुक आईला आणून दिला. "यातच सगळं आहे आई, वेगळं काही घ्यायला नको," असं सांगून ती परत गेली.

आणि त्यात खरंच सगळं होतं, पण कुठलं कशासाठी ते कळायला बाईंचा उन्हाळा गेला. मशीनबरोबर आलेलं एक साधं रेकॉर्डर होतं. लाल बटण दाबायचं आणि वाचायचं. वाचताना चूक झाली की मधलं कापणं काही त्यांना जमेना, म्हणून त्या पुन्हा पहिल्यापासून वाचायच्या. एक धडा सहा-सहा वेळा. आरोही फोनवर म्हणाली, मशीनमध्येच गाण्यांचं ॲप आहे, त्यात कापता येतं. बाईंनी ते उघडलं आणि वाचायला सुरुवात केली, तर आतून टक्‌ टक्‌ टक्‌ ठोका येऊ लागला. गाणाऱ्यांना ताल चुकू नये म्हणून असतो तो. बाईंना वाटलं, ही वाचायची गती असावी. त्यांनी अख्खा धडा त्या ठोक्यावर वाचला.

भरमूअण्णा दारात चपला काढत होते. ते थांबून ऐकत राहिले.

"कवायत घेतल्यागत वाचालीस गं," ते म्हणाले.

बाईंनी रेकॉर्डिंग लावून बघितलं. ठोकासुद्धा त्यात आला होता. तो धडा पुसून टाकला.

त्यानंतर आरोहीने इंटरनेटवरचं एक फुकटचं सॉफ्टवेअर उतरवून दिलं. दिसायला ओबडधोबड, बटणंच बटणं, पण बाईंच्या पसंतीला ते उतरलं. आवाजाची रेघ डोळ्यांना दिसायची. चूक कुठे झाली ते रेघेवर सापडायचं, तेवढंच कापायचं. पंख्याची घरघर काढायची सोयही त्यात होती. जगभरातल्या माणसांनी मिळून ते तयार केलंय आणि वाटलं तर देणगी द्या असं म्हणतात, हे त्यांनी अण्णांना सांगितलं. अण्णा म्हणाले, "फुकटचं बियाणं घेऊन पेरू न्हाय. काय तरी दे त्येनला." आरोहीकडून बाईंनी थोडे पैसे पाठवले, तेव्हाच अण्णांचं समाधान झालं.

पण विमानांचं काय करायचं? सांबऱ्यात विमानतळ आहे. विमान वरून गेलं की आमच्याकडची माणसं बोलणं थांबवतात आणि मग अडलेल्या शब्दापासून पुढे बोलतात. बाईही तसंच करायच्या, पण लांबून येणारी गुणगुण आधीच रेकॉर्डिंगमध्ये शिरलेली असायची. पंख्याची घरघर एकसारखी असते, ती त्या फुकटच्या सॉफ्टवेअरला पकडता यायची. विमान जवळ येतं, लांब जातं. ते त्याच्या हाती लागेना.

त्यासाठी विकतचं एक सॉफ्टवेअर होतं. वर्षाचे पैसे भरायचे, पहिले चौदा दिवस वापरून बघायला मोकळे. बाईंनी ते लावलं आणि विमान नाहीसं झालं. पंखा, अंगणातली कोंबडी, लांबचा ट्रॅक्टर, सगळं पुसलं गेलं. बाई खूश झाल्या. मला फोन करून त्यांनी ऐकवलं. मी म्हटलं, "बाई, रेडिओवर असल्यासारख्या वाटताय."

दोन दिवसांनी पुन्हा फोन आला. आवाज जरा उतरलेला.

"तुम्ही 'महात्मा' शब्द नीट ऐकलात का?"

"का?"

"त्यातला ह गेलाय. 'मात्मा' ऐकू येतंय. वाक्य संपताना 'होते' म्हणते ना मी, त्यातलं 'ते' विरघळून जातंय. विमानाबरोबर माझंही थोडं थोडं पुसतंय ते."

चौदा दिवसांतले नऊ उरले होते. पैसे भरायचे की नाही ते ठरत नव्हतं. आरोही म्हणाली, ऐकणाऱ्यालाच विचार की. बाईंना ते पटलं. त्यांनी एकच धडा तीन प्रकारे तयार केला, साध्या रेकॉर्डरवरचा, फुकटच्या सॉफ्टवेअरमधला आणि विकतच्या सॉफ्टवेअरमधून काढलेला. तिन्ही त्यांनी निपाणीच्या क्षमा मगदूमला पाठवले.

क्षमा तेवीस वर्षांची. जन्मापासून अंध. घरात कानडी आणि मराठी दोन्ही चालतात, शिक्षण मराठीतून. शिक्षक पात्रता परीक्षेची तयारी करत होती. बाईंनी पाठवलेल्या प्रत्येक धड्याला "मिळालं बाई" एवढं उत्तर न चुकता यायचं. त्या दिवशी मात्र तिने लांब व्हॉइस मेसेज पाठवला. बाईंनी तो मला नंतर ऐकवला.

"बाई, तिन्ही ऐकले. मी लई जोरात पळवून ऐकते, तवा विमान असलं काय, नसलं काय, फरक पडत न्हाय. तिसरा जरा पाण्याखालनं बोलल्यागत लागतो. आणि एक सांगू का? राग मानू नका. हा धडा माझा आधीच झालाय. पुस्तकाची टाइप केलेली प्रत एका मैत्रिणीकडनं मिळाली, ती मशीन वाचून दाखवतं. मराठी आवाज असतो त्यात. तुमच्या मॅकमध्ये पण असणार."

बाईंना हे माहीत नव्हतं. त्यांनी सेटिंग्ज धुंडाळली. एका कोपऱ्यात मराठी आवाज सापडला, तो उतरवून घेतला आणि धड्याचा एक परिच्छेद त्याच्यापुढे ठेवला. मशीनने वाचलं. एखाददुसऱ्या जोडाक्षरावर अडखळलं, बाकी ठीक. पाणी प्यायला थांबलं नाही, घसा खाकरला नाही. बाईंनी गती वाढवली, तरी शब्द शाबूत. खालीच कानडी आवाजही होता, तोही तितकाच बरा.

त्यांनी लॅपटॉप मिटला. पुढचे आठ-दहा दिवस तो उघडला नाही. विकतच्या सॉफ्टवेअरची मुदत त्यातच संपून गेली. मी भेटायला गेले तेव्हा बाई परसात घेवड्याच्या शेंगा तोडत होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "वर्षभर मी एका रिकाम्या खोलीत मोठ्यानं वाचत बसले होते, असं वाटतंय." त्यात रडगाणं नव्हतं. हवापाण्याचं सांगावं तसं सांगितलं. पण शेंगा तोडायच्या थांबल्या नाहीत आणि माझ्याकडे बघितलंही नाही.

अण्णा मात्र मला फाटकापर्यंत सोडायला आले तेव्हा म्हणाले, "निपाणीच्या पोरगीनं खरं सांगितलं, ते बरं केलं. पण हिचं जेवण कमी झालंय."

शेवटी क्षमाचाच फोन आला. "बाई, तुम्ही वाचायचं सोडलासा व्हय? एकदा निपाणीला या की. मी कसं शिकते ते तुम्ही बघितलंच न्हाय."

बाई शनिवारच्या सकाळी बसने निपाणीला गेल्या. क्षमाच्या आईने चहा आणि चिरमुरे पुढे ठेवले. क्षमाने आपला लॅपटॉप उघडला. तो मॅक नव्हता, साधा होता, त्यावर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर फुकटचं. तिने बटण दाबलं आणि त्यातून शिलाई मशीन चालावं तसा आवाज निघाला. बाईंना एक शब्द कळला नाही. क्षमाने तो थांबवून त्यातलं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं.

"एवढं जोरात?"

"सवय झाली. आता अडतं कुठं ते ऐका."

तिने समाज विज्ञानाच्या पुस्तकातलं एक पान काढलं. मशीन भराभर वाचत गेलं, मध्येच "चित्र" म्हणालं आणि लगेच पुढच्या ओळीवर गेलं. थोड्या वेळाने पुन्हा, "चित्र".

"हे पहिलं नकाशा हाय," क्षमा म्हणाली. "खाली नाव लिहिलंय, कर्नाटकातल्या नद्या म्हणून. दुसरं काय हाय ते पण ठाऊक न्हाय. आणि बाई, तुम्ही जे धडे वाचलासा, त्यात तुम्ही पण नकाशा सोडून देत होता."

खरंच होतं ते. पुस्तकात जिथे अक्षरं नव्हती तिथे त्या पान उलटत आल्या होत्या.

मग क्षमाने विचारलं, "निपाणी नकाशात कुठं असती?"

सदतीस वर्षं शिकवलेल्या बाईंनी इकडे-तिकडे बघितलं. भिंतीवर नकाशा असता तरी उपयोग नव्हता. त्यांनी क्षमाचा डावा हात हातात घेतला, तळवा तिच्या तोंडाकडे वळवला, बोटं वर.

"वर उत्तर. अंगठा पश्चिमेला, तिकडे डोंगर आणि पलीकडे समुद्र. अंगठ्याच्या बुडाशी हे खानापूर. इथून मलप्रभा निघते आणि अशी उजवीकडे जाते. तळव्याच्या मध्ये, जरा अंगठ्याकडे, हे बेळगाव. त्याच्या उजवीकडे गव्हाच्या दाण्याइतक्या अंतरावर माझं सांबरं. वर ही घटप्रभा. आणि हे बघ, पहिल्या बोटाच्या मुळाशी, ही तुझी निपाणी. बाजूनं वेदगंगा जाते. बोटं सुरू झाली की कोल्हापूर."

क्षमाने दुसऱ्या हाताच्या बोटाने ती जागा चाचपली. मग तिथून बेळगावपर्यंत बोट ओढत नेलं आणि परत आणलं.

"म्हणजे आम्ही अगदी काठाला हाय," ती म्हणाली. "लोक सारखं सीमाभाग सीमाभाग म्हणत असतात. मला वाटायचं, सीमा कुठंतरी लांब असल."

बाई म्हणाल्या, "मी घरी जाऊन हे सगळं रेकॉर्ड करून पाठवते."

"आवाजात नको, बाई. लिहून द्या." क्षमाने समजावलं. "रेकॉर्डिंगमधी एक शब्द शोधायचा तर सगळं परत ऐकावं लागतंय. लिहिलेलं असलं की मी पायजे तिथं थांबते. घटप्रभा कशी लिहायची ते अक्षर न्‌ अक्षर बघते. तुम्हाला बघून काय दिसतंय, तेवढं मला पायजे. वाचायला मशीन हाय."

परतीच्या बसमध्ये बाईंच्या मनात काय होतं ते त्यांनी मला सांगितलं. आवाज नको म्हटल्याचं थोडं लागलं होतं. पण संकेश्वर येईपर्यंत त्या मनातल्या मनात कृष्णेचं वर्णन जुळवायला लागल्या होत्या.

लिहायचं म्हटल्यावर सॉफ्टवेअर कुठलं, हा प्रश्न पुन्हा आलाच. मॅकमध्ये लिहायचं एक देखणं ॲप होतं. त्यात बाईंनी छान मथळे, चौकटी करून पहिला नकाशा पाठवला. तो क्षमाच्या मशीनवर उघडेना. आरोहीने फुकटचं एक मोठं ऑफिस सॉफ्टवेअर सुचवलं, ते जुन्या मॅकबुकवर उघडायलाच वेळ घ्यायचं. आरोहीकडे विकतचंही होतं, त्याच वर्गणीत आईचंही नाव घालते म्हणाली. बाईंनी क्षमाला विचारलं. क्षमा म्हणाली, "मला नुसती अक्षरं पायजेत. रंग, चौकटी काय नको."

मशीनमध्येच एक अगदी साधं लिहायचं ॲप होतं. सगळी सजावट बंद केली की त्यातून कोरी अक्षरं तेवढी निघत आणि कुणाच्याही मशीनवर उघडत. बाईंनी तेच धरलं. पाठवायच्या आधी मशीनच्या मराठी आवाजाकडून ते वाचून घ्यायच्या. कुठलं वाक्य लांब झालंय, कुठे जीभ अडते, ते ऐकताना कळायचं.

सोपं नव्हतं ते. पहिलंच वर्णन क्षमाने परत पाठवलं. "डावीकडे म्हणजे कुणाच्या, बाई? चित्रातल्या माणसाच्या का माझ्या?" दुसऱ्यात बाईंनी "गोलघुमटासारखा आकार" लिहिलं होतं. क्षमाने विचारलं, गोलघुमट कसा असतो. बाईंनी ते खोडून "तव्यावर पालथी घातलेली वाटी" असं लिहिलं. आकृत्या, तक्ते, नाणी, देवळांचे खांब, सगळ्यांची वर्णनं करता करता सहावी ते दहावीच्या पुस्तकांतलं बरंचसं झालं. क्षमा पुढच्या परीक्षेत पात्र ठरली. नोकरी अजून नाही. चिकोडी आणि खानापूरकडची आणखी पाच-सहा मुलं आता बाईंकडून वर्णनं घेतात. कविता मात्र बाई आवाजातच पाठवतात, त्या फुकटच्या सॉफ्टवेअरवर. कवितेला मशीन नको, हे मुलांनीच सांगितलं.

गेल्या महिन्यात मी पिरनवाडीच्या माझ्या घरून त्यांच्याकडे गेले, तेव्हा त्या एका किल्ल्याच्या चित्रावर अडल्या होत्या. मला म्हणाल्या, डोळे मिटा, मी वाचते, चित्र डोळ्यांपुढे येतं का सांगा. मी डोळे मिटले. पहिलं वाक्य दिसलं, दुसरं दिसलं. तिसऱ्याला मी म्हटलं, "थांबा बाई. खंदक दाराच्या आत की बाहेर?"

"बाहेर," त्या म्हणाल्या आणि लिहायला लागल्या.