सुनेसाठी आणलेलं जाडं पुस्तक

माझी सून कंप्युटरच्या पेपरात नापास झाली ती माझ्यामुळे. मी स्वतः चौथी शिकलोय.

सुजाता लग्न होऊन पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमच्या वाडीत आली, तेव्हा तिचं कॉलेज अर्धवट होतं. आमच्या हिने तिच्या बापाला शब्द दिला, "पोरगी आमच्याकडे शिक्षण पुरं करील. भाकऱ्या मी थापते." गेल्या शिमग्यानंतर ही गेली. भाकऱ्या सुजातावर आल्या आणि शब्द माझ्यावर. मुलगा मुंबईला असतो, तो फोनवरून काळजी करतो.

पेपर तोंडावर आला आणि भात झोडताना सुजाताचा पाय मुरगळला. पुस्तक आणायला महाडला मी निघालो. विषयाचं नाव अल्गोरिदम. (एसटीत मी ते तोंडातल्या तोंडात घोकत होतो. शेजारची बाई उठून पुढच्या सीटवर गेली.)

निघताना सुजाता म्हणाली होती, "आबा, नवशिक्यांचं आणा हां. सोपं, पातळ बघून."

"मला नको शिकवू गो. मी बैल बघून आणलेत."

"बैलाला पेपर द्यायचा नसतो, आबा."

दुकानदाराने बारीकसं पुस्तक पुढे केलं. "सुरुवातीला सगळे हेच नेतात, आजोबा. शेवटचंच उरलंय."

आता, आमच्या घरात खरेदी कायम हीच करायची. तिचा नियम एकच. दुकानदार आपणहून पुढे करतो ते त्याला खपवायचं असतं. आपण मागचं काढायला लावायचं. सुके बोंबील असोत नाहीतर लुगडं, ती कधी फसली नाही. ती होती तोवर मी त्या नियमाला हसलो. ती गेल्यावर वाटलं, आता तरी तिचं ऐकावं.

तरी पुस्तक उघडून पाहिलं. आत पत्ते! हातात धरलेली पानं, राजा, राणी, गुलाम, सगळं खानदान.

"पोरींना जुगार शिकवता काय?"

"अहो, पत्ते लावून दाखवलेत. कुठलंही काम कोणत्या क्रमाने करायचं, ते ठरवलं की झाला अल्गोरिदम."

"आमच्या घरात पत्ते नाय चालत." (मी रोज देवळाच्या ओट्यावर खेळतो. पण ते घराबाहेर.) "ते मागचं काढा. जाडं."

"ते प्राध्यापक लोक नेतात."

"मग चांगलंच असणार."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं, वर देवाच्या फोटोकडे पाहिलं आणि जाडं पुस्तक काढलं. हातात घेतल्यावर माझं मन भरलं. चित्र एक नाही, अक्षर मुंगीएवढं. मी पैसे देतोय तोवर एक पोरगी ते पातळ पुस्तक घेऊन गेलीसुद्धा. मला तिची कीव आली.

स्टँडवर पोलादपूरच्या गाडीला ही गर्दी. लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरत होते. माझ्याकडे रुमाल नव्हता. मी पुस्तक टाकलं. आतून कोणीतरी कळवळलं.

"आजोबा, काय मारलंत हे?" मांडी चोळत एक जाडजूड गृहस्थ खिडकीत आले.

"अल्गोरिदम," मी म्हणालो.

जागा मिळाली. गृहस्थ दुसऱ्या बाकावर गेले. पुस्तकाचा पुठ्ठा मात्र उखडला, म्हणजे परत करायची सोय गेली.

सुजाताने पानं उलटली. बराच वेळ उलटली. मग म्हणाली, "छान हाय, आबा." मी खूश.

दोन दिवसांनी पाहतो तर ही बया मोबाइल घेऊन लंगडत देवळाकडे चढतेय. आमच्या वाडीत रेंज तिथेच मिळते.

"काय गो, घरात एवढं पुस्तक असताना?"

"आबा, ते पुस्तक कळायला आधी दुसरं पुस्तक वाचावं लागतं."

"मग तेव्हाच का नाय बोललीस?"

ती ओट्यावर बसली, पाय चोळत. "आई गेल्यापासून तुम्ही पहिल्यांदाच कशात मन घातलंत. कसं बोलू?"

मी तसाच ते पातळ पुस्तक आणायला महाडला गेलो. दुकानदार म्हणाला, "मागवलं तर येईल, पण तुमच्या पेपरानंतर." तो 'तुमच्या' म्हणाला, ते मला लागलं.

पेपर देऊन सुजाता घरी आली आणि पाणीही न पिता बसून राहिली.

"काय विचारलं गो?"

"हातातले पत्ते क्रमाने कसे लावाल, ते लिहा."

"मग मोबाइलवर नव्हतं काय ते?"

"तिथवर पोचलेच नाय, आबा. रेंज गेली."

निकाल लागला त्या दिवशी मी हिच्या फोटोसमोर दिवा लावला, पण वर बघितलं नाही. तिने दिलेला शब्द मी माझ्या अकलेने वर्षभर पुढे ढकलला होता. रागावणारं माणूस घरात राहिलं नाही की चूक जास्त जड होते.

सुजाता पुन्हा बसायची म्हणते. परवा तिच्याबरोबर महाडला गेलो. दुकानदाराने मला पाहिलं आणि जाडी पुस्तकं आत सरकवली. मी घसा खाकरून पुढे होणार, तोच सुजाता म्हणाली, "आबा, तुम्ही फक्त पिशवी धरा."

धरली. हीसुद्धा बाजारात मला तेवढंच काम द्यायची आणि मी घरी येईपर्यंत फुगून असायचो. बाईला माणसाची पारख होती.