शेवटचे चार आकडे

"हिला इचारा. पैसं हीच गोळा करती. माझ्या हातात काय आलं न्हाई."

नाना असं बोलला. चाळीच्या अंगणात, नऊ खोल्यांसमोर, माझ्याकडे बोट करून. खांबाला शिडी लावलेली होती. वायरमननं आमची वायर नुकतीच तोडली होती आणि तिचं टोक खाली लोंबत होतं. मी धुण्याची बादली घेऊन उभी होते. नऊ दारांतली माणसं माझ्याकडे बघायला लागली.

नाना आमचा घरमालक. निघोजे गावातलं जुनं घराणं. रान कंपन्यांना गेलं, पैसा आला, रस्त्याकडेला दोन मजली बंगला उभा राहिला आणि बंगल्यामागे पत्र्याच्या नऊ खोल्या. त्या खोल्यांत आम्ही. कुणी परभणीचं, कुणी नांदेडचं, कुणी हिंगोलीचं. जवळजवळ सगळेच कंपन्यांत ठेक्यावर.

गुरुवार होता. आमच्याकडे सुट्टी गुरुवारची, आणि दुरुस्तीसाठी लाइट जाते तीही बहुतेक गुरुवारीच. त्यामुळे पंखे थांबले तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही. मग शिडी दिसली. वायरमन म्हणाला, पाच महिन्यांचं बिल थकलंय, तोडायची ऑर्डर आहे. बायकांनी आरडाओरडा केला, आम्ही तर दर महिन्याला पैसे देतो. तेवढ्यात नाना आला, पांढऱ्या कपड्यांत, दात कोरत. कुणी त्याला काही विचारायच्या आधीच त्यानं माझं नाव पुढे केलं.

मी मंदाकडे बघितलं. मंदा शेजारच्या खोलीतली, माझ्याच तालुक्यातली. तिला ही खोली मीच मिळवून दिली होती, कंपनीत मीच चिकटवलं होतं. तिच्या बाळंतपणात महिनाभर माझ्या चुलीवर दोन घरांचा स्वयंपाक झाला. वाटलं, ही बोलेल. ती बोलली.

"मी तर पैसे तुझ्याच हातात दिले बाई. पुढचं मला काय माहीत?"

वाक्य खरं होतं. त्यात खोटं काहीच नव्हतं. म्हणूनच ते आजपर्यंत माझ्या काळजात रुतून बसलंय.

आमच्या चाळीची पद्धत अशी. नऊ खोल्यांना मिळून एकच मोठा मीटर, नानाच्या नावावर. प्रत्येक खोलीला आत छोटा मीटर, त्याचाच बसवलेला. महिना संपला की मी दारोदार जाऊन छोट्या मीटरचे आकडे घ्यायचे, नाना लावेल त्या दरानं पैसे गोळा करायचे आणि बंगल्यावर नेऊन द्यायचे. रोख. हे काम मला नानानंच दिलं होतं. "तू शिकल्याली हाईस पोरी, तुझ्यावर माझा इश्वास हाय," म्हणाला होता. बारावी झालेल्या मला त्या दिवशी केवढं मोठं झाल्यासारखं वाटलं होतं! आता त्या वेळच्या माझीच मला कीव येते.

पावती कधी मागितली नाही. डिपॉझिट न घेता खोली देणाऱ्या माणसाकडे पावती मागायची? जीभ रेटली नसती. त्याच्या पोरीच्या हळदीला त्याची बायको, नानी, स्वतः बोलवायला आली होती. "तुझंच घर हाय," म्हणाली. मी रजा टाकली, ठेवणीतली साडी नेसले आणि दिवसभर मांडवामागे पुऱ्या लाटत बसले. मांडवातून मला हाक आली ती एवढीच, की पुऱ्या संपल्या. तरी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, किती मानतात आपल्याला. नवरा हसला नाही, हे त्याचे उपकार.

बिल भरल्याचा फोटो नाना मला मोबाइलवर पाठवायचा. हिरवी खूण, त्याचं नाव, भरलेली रक्कम, खाली बारीक ग्राहक क्रमांक. रक्कम आमच्या पैशांशी कधी जुळायची नाही, पण दरच त्याच्या मनाचा, तर जुळणार कशी? ते कुणी बघत नव्हतं. मी तो फोटो चाळीच्या ग्रुपवर टाकायचे आणि वर लिहायचे, लाइट बिल भरले. पाच महिने ते खोटं माझ्याच बोटांनी दारोदार गेलं.

नाना निघून गेला. माणसं आत गेली. वायरमन शिडी खांद्यावर टाकून निघाला तसा मी त्याला थांबवलं. विचारलं, भरलंय आणि तुमच्याकडे दिसत नाही, असं होतं का?

"ताई, मला ऑर्डर येते, मी तोडतो," तो म्हणाला. "हा तुमचा ग्राहक क्रमांक. ऑफिसात जाऊन विचारा."

त्यानं कागदाच्या चिटोऱ्यावर नंबर लिहून दिला. मी तो पर्समध्ये टाकला. त्या घडीला मला त्या नंबराचं काही सुचलं नाही. नानाची काहीतरी गफलत झाली असेल, असंच मी स्वतःला सांगत होते. माझ्याकडे बोट केलं, तरीसुद्धा.

मी गाड्यांच्या वायरी जोडायच्या कंपनीत आहे. लाइनवर प्रत्येक वायरीला लेबल असतं. लेबलावर लांबलचक नंबर. तो सगळा वाचत बसलं तर लाइन थांबेल, म्हणून आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात, शेवटचे चार आकडे बघा, समोरच्या कार्डाशी जुळवा, जुळले तरच वायर पुढे. नाव बघायचं नाही, रंगावर जायचं नाही. चार आकडे. सात वर्षं मी दिवसाला शेकडो वायरी अशाच बघते. झोपेतही बघत असेन.

शुक्रवारी लाइनवर उभी होते. वायर उचलली, शेवटचे चार आकडे बघितले, कार्डाशी जुळवले, आणि हात तसाच राहिला. सुपरवायझर ओरडला, "मॅडम, लाइन!" मी जेवणाची सुट्टी होईपर्यंत कशीबशी ओढली. लॉकरमधून मोबाइल काढला. पर्समधला चिटोरा काढला. शेवटचे चार, ४४१७. नानानं पाठवलेला शेवटचा फोटो उघडला. ४४७१. त्याच्या आधीचा उघडला. ४४७१. पाचही फोटोंवर ४४७१. नाव नानाचंच. म्हणून मी कधी खाली बघितलंच नव्हतं.

कॅन्टीनमध्ये ताट बाजूला सारून पाचही फोटो पुन्हा बघितले. राग नानाचा नंतर आला. आधी आला तो माझाच. परक्याच्या गाडीची वायर चुकू नये म्हणून मी डोळे फोडले, आणि नऊ घरांचा नंबर मात्र माणूस चांगला म्हणून न बघता पुढे ढकलला.

संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरले आणि थेट बंगल्यावर गेले. फाटकाच्या जाळीत लाइटबिल खोचलेलं होतं, बंगल्याचं. शेवटचे चार आकडे ४४७१. आमच्या पैशांनी नाना पाच महिने स्वतःच्या बंगल्याचं बिल भरत होता. वरच्या मजल्यावर दोन एसी गुरगुरत होते.

नाना झोपाळ्यावर बसला होता. मी पायरीवर उभी राहिले. मोबाइल आणि चिटोरा दोन्ही त्याच्यापुढे धरले. त्यानं चष्मा काढून बघितलं, परत लावला. अंगावर येईल असं वाटलं होतं, पण तो गोड बोलायला लागला.

"आगं, पोरीचं लगीन झालं, हात आखडलाय. तू घरची हाईस, तुझ्यापाशी कशाला लपवू? बाकीच्यांना यकदा परत भरू दे. तुझा हिस्सा मला नगं. तू फकस्त यवढंच म्हन, 'पैसं आनून द्यायला माझ्याकडनं उशीर झाला.'"

खरं सांगते, मला वाटलं, म्हणावं. दिवसाची शिफ्ट, पत्र्याखालची उकड, नवऱ्याला रात्रपाळीनंतर दिवसा झोप नाही. एक वाक्य म्हटलं की पंखा सुरू. माणसं चार दिवस बोलतील आणि विसरतील. मी मोबाइल खाली घेतला. त्याचा त्यानं आपल्या सोयीचा अर्थ काढला आणि हसून म्हणाला,

"तुमा लोकांना कसली आलीय इज्जत? आज हितं, उद्या तिथं. कोन ध्यानात ठेवतंय?"

तिथं माझ्यातलं काहीतरी कायमचं मोडलं. हळदीच्या दिवशी मी घरची होते. पैसे आणताना पोरगी होते. आता 'तुमी लोक' झाले. मी कधी घरची नव्हतेच. त्याला एक चेहरा हवा होता, आमच्यातलाच, ज्याच्या आड उभं राहून आम्हाला लुटता येईल. तो चेहरा मी त्याला आनंदानं, लिपस्टिक लावून दिला होता.

"नाही म्हणणार," मी म्हणाले.

"काय?"

"मी पैसे वेळेवर दिले. तुम्ही खाल्ले. मी हेच म्हणणार, नाना."

आयुष्यात मालक माणसाला असं पहिल्यांदा बोलले.

तशीच अंगणात गेले आणि सगळ्यांना बाहेर बोलावलं. दोन्ही नंबर मोठ्यानं वाचून दाखवले. चिटोरा हातोहात फिरला, प्रत्येकानं मोबाइलमधला जुना फोटो काढून स्वतः जुळवून बघितला. समजलं सगळ्यांना. चेहऱ्यावरून समजतं. मला वाटलं, आता निदान एकजण म्हणेल की आमची चूक झाली.

मंदा म्हणाली, "ते खरंय. पण मग आता लाइट कशी येणार?"

शनिवारी सकाळी आठ खोल्यांनी नानाकडे पाच महिन्यांचे पैसे पुन्हा नेऊन दिले. आठही. रडून, उसने घेऊन, पण दिले. माझा नवरा म्हणाला, "तूबी देऊन टाक अन् मिटव. परक्या गावात कशाला भांडायलीस?" मी दिले नाहीत. सोमवारी संध्याकाळी चाळीत लाइट आली, आणि नानाच्या माणसानं बोर्डावरून फक्त माझ्या खोलीची वायर काढून नेली. सगळे घरात होते. कुणी बाहेर आलं नाही. त्या आठवड्यात भिशी होती. चार वर्षं माझ्या खोलीत भरणारी भिशी मला न कळवता मंदाच्या खोलीत भरली. नानानं फसवलं ते पैशाला. यांनी फसवलं ते कशाला, त्याला माझ्याकडे शब्द नाही.

मी वीज कार्यालयात गेले. तिथला माणूस म्हणाला, मीटर तुमच्या नावावर नाही, तुमचा काही संबंध नाही. मी म्हटलं, मग संबंध नाही असं लिहून द्या. त्यानं वर बघितलं. अर्ज घेतला, शिक्का मारला. दुसरा अर्ज पोलीस चौकीत दिला. तिथंही शिक्का घेतल्याशिवाय उठले नाही. काय होईल, माहीत नाही. बहुधा लवकर काही होणार नाही.

काल मंदा दारात आली. आत आली नाही. म्हणाली, "नाना म्हनाले, अर्ज मागं घे, माफी माग, वायर जोडून देतो."

मी तिला सांगितलं ते तिनं तसंच्या तसं बंगल्यावर पोचवावं, एकही शब्द न गाळता. खोली मी सोडणार नाही. भाडं देईन, पावती घेऊन देईन. आणि माझ्या खोलीच्या वायरीला हात लावायचा असेल तर नानानं आधी अंगणात यावं, नऊ दारं उघडी असताना उभं राहावं आणि म्हणावं, पैसे हिनं दिले होते, मी खाल्ले. हे ऐकल्याशिवाय मला त्याची लाइट नको.