मागच्या चाकाच्या तारा

मिलला कुलूप लागल्यावरही वर्षभर आम्ही दोघे भाऊ पाळीच्या वेळेला गेटवर जाऊन बसायचो. हजेरी मोडली तर हक्क बुडेल, असं सगळेच म्हणत. शेवटी दादाला सिमरोलच्या रस्त्यावर एका गोदामात चौकीदारी मिळाली. मालकाने आधीच बजावलं होतं, महिनाभर बघेन. सकाळी सातच्या आत पोचायचं, एक दिवस जरी उशीर झाला तरी दुसरा माणूस तयार आहे. अठ्ठेचाळीस वर्षांच्या मिलवाल्याला इंदुरात दुसरं कोणी दारात उभं करत नव्हतं.

सायकल घ्यायला मी गेलो, कारण घरात भाव करायचं काम माझं. दुकानदाराशी तासभर भांडलो, दोनदा पायऱ्या उतरून परत चढलो.

"भिया, इतने में तो यही आएगी," तो शेवटी म्हणाला आणि आतून दुसरी काढून दिली. मागच्या चाकाच्या तारा बारीक होत्या. मला त्या दिसल्या होत्या. पण भाव मी पाडला होता, आणि त्या दिवसांत दुसरं काहीच माझ्या हातून पडत नव्हतं.

आठव्या दिवशी एक तार तुटली. मिस्त्रीला कशाला पैसे द्यायचे, म्हणून मीच नवी घातली. चाक डगमगून चिमट्याला घासत होतं. जी तार ढिली लागली ती मी कसली, दुसरी ढिली लागली तीही कसली. मिलच्या साचाखात्यात, मागावर, सोळा वर्षं हेच केलं होतं. ताण्यातला एक धागा सैल पडला की तेवढाच ताणायचा, शेजारच्याला हात लावायचा नाही. चाक फिरलं, घासणं थांबलं. तीन दिवसांनी पुन्हा तार तुटली. मी पुन्हा कसल्या.

"अरे, हे चाक कण्हतंय," दादा म्हणाला.

"नवीन आहे, बसेल."

महिना भरायला चार दिवस होते. तेजाजी नगरच्या पुढे खड्ड्यात चाक गेलं आणि रिम वाकून तिचा पार आठाचा आकडा झाला. दादा सायकल खांद्यावर घेऊन चालत गेला. पोचला तेव्हा त्याच्या खुर्चीवर दुसरा माणूस बसला होता.

मी ते चाक नेऊन दुकानदाराच्या काउंटरवर आपटलं. बाजारातले लोक जमतील इतक्या आवाजात बोललो. दुकानातल्या म्हाताऱ्या मिस्त्रीने चाक उचललं, तारांवरून नख फिरवलं. काही तारा टणटण वाजल्या, काही मुक्या.

"ये किसने कसी?"

"मैंने."

"इधर की कसते हैं तो सामने वाली ढीली करते हैं, भिया. पूरी रिम खिंचती है. मिल में थे क्या?"

मागे कोणीतरी हसलं. माझ्या कानशिलांत आग उतरली. मी आणखी मोठ्याने ओरडू लागलो, बारीक तारा दिल्या, गरिबाला फसवलं. गिऱ्हाइकं परत जायला लागली, तेव्हा दुकानदाराने नवी रिम अर्ध्या भावात दिली आणि मिस्त्रीने ती बांधली. त्याचे हात बघत मी तिथे उभा राहिलो. तेवढ्यावर पुढे माझं सायकल दुरुस्तीचं दुकान उभं राहिलं, ते वेगळं.

घरी दादाने विचारलं, "काय निघालं?"

"माल खोटा दिला होता," मी म्हणालो.

तो बराच वेळ रिमवरून हात फिरवत राहिला. "तू भांडलास म्हणून एवढं तरी मिळालं," म्हणाला.

दादाला त्यानंतर नोकरी मिळाली नाही. त्याच सायकलवर तो गल्लोगल्ली अगरबत्त्या विकायचा, आणि भेटेल त्याला सांगायचा की त्या दुकानातून काही घेऊ नका, त्यांनी माझी भाकरी घालवली. मी शेजारी उभा असलो तर मान हलवायचो. तारा बारीक होत्याच. दुकानदाराला मी अजून माफ केलेलं नाही.