मामाची अंतराळातली ड्यूटी

आमच्या मामीने मामाला नेमकं किती वेळा चंद्रावर एकटं सोडून दिलं, याचा हिशेब कोणाकडेच नाही. कधी ऑक्सिजन देऊन, कधी न देता. सकाळी चहाचं आधण ठेवता ठेवता ती रात्रीचं स्वप्न सांगायची आणि तिची स्वप्नं सगळी अंतराळातली. यानं, रोबो, दोन सूर्यांचे ग्रह, आपोआप लाटल्या जाणाऱ्या पोळ्या. गल्लीतली पोरं तिला अंतराळमामी म्हणायची आणि तिला ते मनापासून आवडायचं.

आमचं शहर उत्तरेकडचं, हिंदी मुलखातलं. मामाचं तिथल्या टोपी बाजारात शिवणकामाच्या सामानाचं दुकान. बटणं, अस्तर, लेस, चेन. दिवसभर गिऱ्हाइकांशी हिंदीत हुज्जत घालून त्याची मराठीही अर्धी हिंदी झालेली. सकाळी खुर्चीवर बसला की पहिला प्रश्न, "बोल भई, आज आमची ड्यूटी कुठे लागली?" कारण मामीच्या प्रत्येक स्वप्नात मामा असायचाच. कोण म्हणून असायचा, ते मात्र आदल्या दिवशीच्या त्याच्या वागण्यावर ठरायचं.

न सांगता नाश्त्याला डाळीच्या पुऱ्या, म्हणजे गरम बेडई आणली असेल, तर तो यानाचा कॅप्टन. मामी झोपली आहे म्हणून नळ आल्यावर गुपचूप पाणी भरून ठेवलं असेल, तर मंगळाचा मुख्य इंजिनिअर, हाताखाली रोबोंची फौज. आणि न कळवता दिल्लीचे व्यापारी जेवायला आणले असतील, तर दुसऱ्या दिवशी स्वारी धूमकेतूच्या शेपटीला बांधलेली, वर पायजम्याची नाडी सुटलेली. "निदान नाडी तरी बांधू द्यायची होती!" मामा कळवळायचा. "हात बांधलेले होते ना," मामी चहा गाळता गाळता शांतपणे सांगायची. कॉलेजची वर्षं मी त्यांच्याकडेच राहिले. माझं अर्धं खगोलशास्त्र असं चहाबरोबर झालं.

याच स्वप्नांच्या मामी गोष्टी करायची आणि मंडळाच्या गणपतीत वाचून दाखवायची. विज्ञानकथा म्हणे! पदर तोंडाला लावून हसणाऱ्या बायकांना रोबोंशी काही देणंघेणं नसायचं. यंदा मामा कुठवर चढला, एवढंच त्यांना हवं असायचं. एका वर्षी तर तो पहिल्या पानापासून शेवटपर्यंत शेवाळ होता. पहिल्या रांगेत बसून सगळ्यात जोरात टाळ्या त्यानेच वाजवल्या. "शेवाळ तर शेवाळ," मला म्हणाला, "पण यानात हवा कोण बनवतं? शेवाळच ना? मी नसतो तर हिरो खलास!"

तोंडावर मात्र मामीने त्याला कधी चांगलं म्हटलेलं मी ऐकलं नाही. त्याने हौसेने गजक आणली, तर डबा उघडून "तीळ करपलेत" म्हणायची, अर्धा डबा संपवायची, आणि दुसऱ्या दिवशी त्याला आकाशगंगेचा सेनापती करायची.

मग मामी जिन्यात पडली. मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. तोवर माझं लग्न होऊन मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, सिटी सेंटरला राहायला गेले होते. जमेल तशी जायचे. करायचा सगळं मामाच. दुकान अर्धा दिवस बंद ठेवून तो तिला न्हाऊ घालायचा, खिचडी भरवायचा, वेणीसुद्धा घालायचा. ती वेणी इतकी घट्ट, की मामीच्या भुवया वर चढायच्या. महिनोन्‌महिने त्याने हूं की चूं केलं नाही. शेवटी मामी काठी टेकत ओट्यापाशी उभी राहिली, चहाचं आधण ठेवलं, मामाने ड्यूटी विचारली. मामी म्हणाली, "नाही पडलं स्वप्न." दुसऱ्या दिवशीही तेच. मग रोजच तेच.

मामाने आधी गोळ्यांवर खापर फोडलं. डॉक्टरांना जाऊन म्हणाला, "डॉक्टरसाब, हड्डी तो जुड गई, पर इनके सपने बंद हो गए. गोली बदल दीजिए." डॉक्टरांनी त्याचंच बीपी तपासून पाठवून दिलं. मग मात्र तो खचला. जेवणावरचं मन उडालं, दुकानात पांढरी बटणं मागितली तर काळी द्यायला लागला. एक दिवस मला फोन केला. "ती नाराज आहे गं माझ्यावर. सेवा करताना काही तरी गलती झाली असणार. आता तर चंद्रावरसुद्धा सोडत नाही." मला आधी हसू आलं, आणि मग मी रविवारी तिकडे जायचं ठरवलं.

त्या रविवारी मामा बाहेर गेलेला बघून मी मामीला गाठलं. मेथी निवडत बसली होती. "मामी, स्वप्नं का बंद झाली?"

"कुठली स्वप्नं?" ती म्हणाली. "पाठ टेकली की मी घोरते. जन्मात एक स्वप्न धड आठवलेलं नाही मला."

"मग इतकी वर्षं?"

"कणीक मळताना रचायची. नवी नवरी होते तेव्हा एकदा यांनी मला आजारपणात पेज करून दिली. मी शाळेत शिकलेली, पटकन म्हटलं, धन्यवाद. सगळं घर हसलं. सासूबाई म्हणाल्या, घरच्या माणसाला धन्यवाद? तू काय पाहुणी आलीस? लाज वाटली गं. मग मी स्वप्नातून सांगायला लागले. स्वप्नाला कोण हसणार?"

"मग आता का नाही सांगत?"

मामीने मेथीची जुडी खाली ठेवली. "आता कोण करू त्यांना? कॅप्टन करून झालं, सेनापती करून झालं. या माणसाने माझं हगणंमुतणं काढलं गं. सूर्य केला तरी कमी पडतो. अंतराळात तेवढी मोठी जागाच नाही!" पदराने डोळे पुसले आणि लगेच दटावलं, "त्यांना सांगशील तर माझी शपथ आहे!"

पोटात गोष्ट ठेवणं आमच्या खानदानात नाही. संध्याकाळच्या आत मी ती दुकानात जाऊन मामाला सांगितली. तो लेस मोजत होता. मोजणं चुकलं, नाक शिंकरलं, गिऱ्हाइकावर उगीच खेकसला. मग म्हणाला, "अच्छा! म्हणजे नाराज नाही. मीच फार वर चढून बसलोय. ठीक आहे, खाली उतरतो."

दुसऱ्या दिवशी तो गच्चीवर गेला आणि मामीने वाळत घातलेल्या कुरडयांमधून चपला घालून आरपार चालला. वर म्हणाला, "यंदा जाड झाल्यात." पडल्यानंतर पहिल्यांदाच तिने एवढा घाट घातला होता. मामीच्या तोंडाचा पट्टा असा सुटला, की शेजारी गच्च्यांवर जमले.

त्याच्या दुसऱ्या सकाळी माझा फोन वाजला. मामा आनंदाने ओरडत होता, "ऐक, ऐक! शनीच्या कड्यावर झाडू मारायला लावलंय मला! आणि कडं गोल आहे ना गं, संपतच नाही!" मागून मामीचा आवाज आला, "गप्पा पुरे, अर्धं कडं बाकी आहे अजून!"

पुढे मामाने हे तंत्रच करून टाकलं. चार दिवस बायकोची सेवा करायची, आणि आपण फार वर चढतोय असं वाटलं, की काही तरी सांडून ठेवायचं.

मामी गेली, त्या सकाळी मामाला तिने गुरूच्या एका चंद्रावर भांडी घासायला पाठवलं होतं. चहा पिऊन झाला, आणि दुपारी ती गेली. आता तो एकटाच राहतो. हात थरथरतात, तरी रोज दोन्ही वेळची भांडी स्वतः घासतो. परवा मी म्हटलं, "मामा, भांड्यांना बाई लाव ना आता."

"कशी लावू?" मामा म्हणाला. "बदलीची ऑर्डर कुठे आली आहे?"